वाढत्या पोरांचा फुटबॉल सराव: भार कसा मोजायचा, कसा वाढवायचा, कधी थांबवायचा

दरवर्षी जुलैच्या मध्यावर मला तोच फोन येतो. "सर, झिलाची टाच दुखता. शनिवारी मॅच आसा, काय करू?" पोरगा बारा-तेरा वर्षांचा. मे महिना आंब्याच्या बागेत आणि वाडीच्या क्रिकेट स्पर्धेत गेलेला, जून पडवीत बसून पाऊस बघण्यात. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक लागलं की एकदम आठवड्यातून सहा दिवस सराव. तशात मेपासून त्याची उंची दोन-अडीच सेंटीमीटर वाढलेली असते आणि ते कुणी मोजलेलं नसतं.

शनिवारच्या मॅचसाठी या लेखात काही उपाय नाही. १० ते १६ वयाच्या मुलामुलींना शिकवणारे प्रशिक्षक, शाळेतले खेळाचे शिक्षक आणि पालक यांनी पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, एवढंच यात आहे. क्रम मोडू नका. बहुतेक जण मधूनच, म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक आखण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## सुरुवातीआधी: वही आणि एक खरी यादी

सामान फार लागत नाही. दोनशे पानी वही, स्टीलची टेप, सुताराकडचा गुण्या, सपाट लाकडी स्टूल, वजनकाटा आणि मनगटावरचं घड्याळ. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते.

सामानापेक्षा यादी महत्त्वाची. प्रत्येक पोराला आणि त्याच्या घरच्यांना विचारा: आमच्या सरावाशिवाय तू आठवड्यात काय काय करतोस? आपण फक्त आपल्या मैदानावरची मिनिटं मोजतो, पोराचे पाय सगळंच मोजतात. शाळेचा संघ, क्लबचा संघ, वाडीच्या मंडळाची टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा, कबड्डी, दप्तरासकट घाटी चढून शाळा, १५ ऑगस्टच्या संचलनाची तयारी. रत्नागिरीकडे गणपतीआधी जाखडीच्या तालमी रात्री अकरापर्यंत चालतात, आणि ते नाचणं म्हणजे तासभर उड्याच. सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस आले की दशावतार बघत पहाट होते. शिमग्यात पालखी. हे बंद करा असं मी म्हणत नाही. वहीत लिहा एवढंच.

तपासणी: यादीत सरावाशिवाय एकही गोष्ट नसेल तर यादी खोटी आहे. पुन्हा विचारा, या वेळी आईला.

## टप्पा १: उंची मोजा, आणि नीट मोजा

मुलींची उंची सर्वात वेगाने वाढते ती साधारण साडेअकरा ते बारा वर्षांच्या आसपास, मुलांची साडेतेरा-चौदाच्या आसपास. हे सरासरी वय झालं. एकाच वर्गातल्या दोन पोरांत या बाबतीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. ऐन वेगात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटीमीटर वाढतो. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि ताकद मागून येतात. स्नायूंच्या दोऱ्या जिथे हाडाला बांधलेल्या असतात ती जागा या वयात अजून कूर्चेची, म्हणजे मऊ असते. म्हणून मोठ्या माणसाचा स्नायू जिथे दुखावला असता तिथे पोराची ती बांधणीची जागा दुखावते. टाच, गुडघ्याखालचा उंचवटा आणि खुब्याची पुढची बाजू या त्याच जागा.

मोजण्याची पद्धत:

1. दर चार आठवड्यांनी, ठरलेल्या वारी, सकाळी, सरावाआधी. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबून उंची सेंटीमीटरभर कमी होते. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजलंत तर पोरगा 'आखडला' असं दिसेल.
2. अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या. भिंतीला तळाशी फरशीची पट्टी असेल तर ती भिंत सोडा, दाराच्या चौकटीला मोजा.
3. नजर समोर. कानाचं भोक आणि डोळ्याची खालची कड एका रेषेत. हनुवटी वर करायला लावू नका.
4. गुण्याची एक बाजू भिंतीला, दुसरी डोक्यावर दाबून. मुलींची वेणी किंवा अंबाडा बाजूला.
5. दोनदा मोजा. दोन आकड्यांत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि मधला आकडा घ्या.
6. मग स्टुलावर ताठ बसवून बसकी उंची. उभ्या उंचीतून ती वजा केली की पायांची लांबी मिळते (जमिनीपासून मोजलंत तर स्टुलाची उंची आधी वजा करायला विसरू नका).

आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. म्हणून पायांची लांबी वाढतेय आणि धड जागच्या जागी आहे, तर पोरगा वाढीच्या चढावर आहे. त्याच्याही आधीची खूण फुकट मिळते. आई सांगते, "आता जूनात घेतलेले बूट, आता परत होत नाहीत."

एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. मोजण्यातली चूकच तीन-चार मिलिमीटरची असते. तीन महिन्यांचा फरक घ्या आणि त्याला चारने गुणा. १ जूनला १४८.२, १ सप्टेंबरला १५०.४. फरक २.२, म्हणजे वर्षाला ८.८ सेंटीमीटरचा वेग.

## टप्पा २: वयाऐवजी वाढीप्रमाणे तीन गट

वहीत प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहा.

संथ: वर्षाला साधारण ५–६ सेंटीमीटरपर्यंत. नेहमीचा सराव.

चढ: ७ च्या पुढे. महिन्याला ०.६ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढणाऱ्या तरुण खेळाडूंत दुखापती वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, आणि महिन्याला ०.६ म्हणजे वर्षाला ७.२. मी सीमारेषा म्हणूनच तिथे आखली. या पोरांचा एकूण भार (किती वेळ खेळला आणि किती दमला; मोजायचा कसा ते टप्पा ३ मध्ये) मी चौथ्या हिश्शाने कमी करतो. कमी करताना धावाधाव, उड्या आणि जोरदार किक कापतो, चेंडूशी खेळणं नाही.

ओसर: चढानंतर वेग कमी होत चाललेला. इथे प्रशिक्षकांची मोठी फसगत होते. पोरगा अचानक उंच दिसतो, मिसरूड फुटलेलं असतं, तेव्हा त्याला मोठ्या पोरांत टाकतात. ताकद अजून आलेली नसते. भार परत नेहमीवर आणायला आठ-दहा आठवडे घ्या.

चढाच्या काळात पोरगा धांदरट होतो. कालपर्यंत पायाला चिकटणारा चेंडू आज दोन फूट पुढे जातो. पाय लांबले, मेंदूला अजून नवीन माप समजलेलं नाही. त्याला आळशी म्हणू नका आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. मी हे केलेलं आहे. तेरा वर्षांचा चपळ विंगर होता, दोन महिन्यांत 'बिघडला' म्हणून मी त्याला सरावानंतर थांबवून वीस मिनिटं जास्त धावायला लावायचो. सहाव्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांखाली टेंगळं आली. ते वर्ष त्याने बाकावरून बघितलं.

इशारा: गट पोरांसमोर जाहीर करू नका. 'चढ' म्हणजे आजारी असा अर्थ दुसऱ्याच दिवशी होतो आणि मग दुखणं लपवलं जातं.

## टप्पा ३: भाराची नोंद, रोज दोन आकडे

पद्धत सोपी आहे: किती मिनिटं, आणि किती दमलास ते ० ते १० मध्ये. दोघांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. ६० मिनिटांचा सराव आणि दमणूक ५, तर भार ३००.

आकडा नीट सांगता यावा म्हणून पोरांना ओळखीच्या गोष्टी द्या. आमच्याकडे २ म्हणजे बाजारात चालत जाऊन येणं, ५ म्हणजे दप्तरासकट घाटी चढणं, ८ म्हणजे मऊ वाळूत पळापळी. १० म्हणजे याहून जास्त कधी दमलोच नव्हतो. दहा-अकराच्या आतली पोरं आकड्यांत गोंधळतात, त्यांना हसरा, बरा, रडका असे चेहरे काढून द्या.

विचारायचं कधी? सराव संपल्यावर पंधरा मिनिटांनी ते अर्ध्या तासाने, एकेकट्याला. शेवटच्या शिट्टीला विचारलंत तर शेवटची पाच मिनिटं कशी गेली तेच कळतं. घोळक्यात विचारलंत तर कर्णधाराचा आकडा सगळ्यांचा आकडा होतो.

एका पोराचा खराखुरा आठवडा:

- सोमवार: सराव ७५ मिनिटं × ४ = ३००
- बुधवार: सराव ८० × ६ = ४८०
- गुरुवार: शाळेचा खेळाचा तास ४५ × ३ = १३५
- शनिवार: मॅच ५० × ८ = ४००
- रविवार: वाडीचं क्रिकेट १२० × ३ = ३६०

एकूण १६७५. प्रशिक्षकाच्या डोक्यात रविवार नव्हताच, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त भार त्याला दिसलाच नाही. आधीचे चार आठवडे होते ९००, १०००, ९५० आणि १०५०. सरासरी ९७५. या आठवड्यात एकदम पावणेदोन पट.

माझा नियम असा: चालू आठवडा मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या १.३ पटीपुढे जायला लागला की पुढचा एक सराव हलका करायचा. या पटीच्या गणितावर अभ्यासकांत वाद आहेत आणि दुखापतीचं भाकीत त्यातून निघत नाही. पण माणूस उत्साहात किती मोठी उडी मारतो ते वहीत दिसतं, तेवढ्यासाठी ते पुरतं. वरची हद्दही लक्षात ठेवा. आठवड्यातले शिस्तीच्या खेळाचे तास पोराच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांचा असेल तर बारा तास, सगळे खेळ मिळून. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही.

तपासणी: दोन आठवडे सगळ्यांचे आकडे ४ किंवा ५ च येत असतील तर पोरं तुम्हाला खूश करत आहेत. "काय नाय सर, बरा आसा" हे उत्तर नोंदीत धरायचं नाही.

## टप्पा ४: आठवडा आखा, मैदान बघून

चढाच्या पोरांना आठवड्यात जास्तीत जास्त दोन जड दिवस, त्यात मॅच धरून. दोन जड दिवसांत किमान ४८ तास. एक दिवस पूर्ण सुट्टी, म्हणजे क्रिकेटही नाही. शनिवारी मॅच असेल तर सोमवारी हलका सराव, बुधवारी जड, गुरुवारी चेंडूची कलाकुसर आणि जागा घेण्याचा सराव, शुक्रवारी काही नाही. शुक्रवारी 'मॅचआधी अंग मोकळं करू' म्हणत तासभर खेळवणारे आहेत. ते मोकळं होत नाही, खर्च होतं.

आपल्या कोकण किनाऱ्यावर दिवसाइतकंच मैदानाला महत्त्व आहे.

जांभ्याचं मैदान: सड्यावरची आणि शाळांमागची बहुतेक मैदानं ही अशी. उन्हाळ्यात दगडासारखी. यावर लांब, टोकदार स्टडचे बूट घातले की प्रत्येक पावलाचा हिसका थेट टाचेला. रबरी बारीक खुंट्यांचे टर्फ बूट किंवा साधे कॅनव्हासचे बरे. चढाच्या पोरांना इथे उड्यांचा सराव देऊच नका.

चिखल: जुलै-ऑगस्टमध्ये पर्याय नसतो. पाय रुततो, ओढून काढावा लागतो, जांघ आणि मांडीच्या मागच्या बाजूवर ताण येतो. वेळ एक-तृतीयांश कमी करा. एकाएकी वळण्याचे खेळ टाळा. अनवाणी खेळवू नका, कारण पुढे येणारच आहे.

वाळू: ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली. वरची कोरडी मऊ वाळू वेगळी. तिच्यावर धावायला घट्ट जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि पोटऱ्या व घोटशिरेवरचा (टाचेमागच्या जाड शिरेवरचा) ताण तर आकड्यात धरताच येत नाही. पहिल्या आठवड्यात १५–२० मिनिटंच. किनारा उतरता असतो, म्हणून जेवढं उत्तरेकडे धावाल तेवढंच दक्षिणेकडे, नाहीतर समुद्राकडचा पाय रोजच खालच्या बाजूला पडतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा 'रोज साडेपाच' ही वेळ वाळूवर चालणार नाही. तिथीवरून वेळ कुठलाही रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, सांगेल.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. आपल्याकडे तापमान घाटमाथ्यापलीकडच्या गावांपेक्षा कमी दिसतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. चाळीस किलोच्या पोराचं ८०० ग्रॅम घटलं म्हणजे दोन टक्के, म्हणजे पाणी कमी पडलं. पोरगा बडबडायला लागला, अडखळला किंवा घाम येऊनही काही विचित्र वागू लागला, तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता आणि मग दवाखाना गाठा. ओतणं आधी.

## टप्पा ५: एका सरावातला क्रम

1. तयारी, १५–२० मिनिटं. फिफाचा '११+ किड्स' हा व्यायामक्रम ७ ते १३ वयासाठी, त्यापुढच्यांसाठी '११+'. एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, पडायला शिकणं. युरोपातल्या चार देशांतल्या चाचणीत किड्स क्रम करणाऱ्या संघांत दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. आठवड्यातून दोनदा तरी नियमाने करा, मॅचच्या दिवशी आठवण आली म्हणून नाही. उतरताना गुडघे आत वळतात का ते बघा, मुलींमध्ये खास करून.
2. वेग, ताजे असताना. १०–२० मीटरच्या ६–८ धावा, प्रत्येकीनंतर पुरती विश्रांती. चढाच्या पोरांना चार.
3. छोट्या मैदानावर खेळ. चार विरुद्ध चार, तीन-तीन मिनिटांचे तुकडे. दम आणि डोकं दोन्ही इथेच तयार होतं, वेगळ्या फेऱ्या लागत नाहीत.
4. नेमबाजी, मोजून. हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. संपताना रांग लावून 'मार जोरात' सुरू होतं, आणि एकेक पोरगा दमलेल्या पायाने साठ-सत्तर किक मारतो. मांडीचा पुढचा स्नायू खुब्याच्या हाडावर ज्या जागी बांधलेला आहे ती जागा त्या प्रत्येक किकला ओढली जाते. चढाच्या पोरांना मी जोरदार किक पंचवीसवर थांबवतो. ही माझी मर्यादा आहे, तुमच्या पोरांकडे बघून ती खालीही आणा.
5. शेवट. चालत गप्पा. पाणी. दमणुकीचा आकडा.

गोलकीपर विसरला जातो. तो धावत नाही म्हणून त्याचा भार कमी असं धरतात. त्याच्या उड्या आणि गोल-किक मोजा, आकडा वेगळाच दिसेल.

## टप्पा ६: थकव्याची रोजची विचारपूस

सरावाआधी पाच प्रश्न, प्रत्येकी अर्धं मिनिट: झोप किती झाली? जेवलास का, भूक होती का? कालचं अंग दुखतंय का? एका बोटाने दाखव, नेमकं कुठे? खेळायचं मन आहे का?

शेवटचा प्रश्न मऊ वाटतो पण तो सगळ्यात आधी खरं बोलतो. थकलेला पोरगा 'मी थकलो' म्हणत नाही. तो चिडतो, भावाशी भांडतो, पहिला स्पर्श चुकतो, दर पंधरवड्याला सर्दी धरतो. सलग तीन दिवस उठल्याउठल्याची नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला आठ-दहाने जास्त असेल तर तो दिवस हलका.

झोप: १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास, १३ ते १८ मध्ये ८ ते १०. सहाची एसटी, शाळा, क्लास, सराव, आणि मग पांघरुणात मोबाइल. यातून आठ तास निघत नसतील तर पहाटेचा सराव बंद करा, झोप नाही. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंत दुखापतींचं प्रमाण १.७ पट आढळलं होतं.

खाणं: चहा आणि बटर खाऊन आलेला पोरगा चाळीस मिनिटं टिकतो. दोन-तीन तास आधी पेज किंवा भाकरी, अर्धा तास आधी केळं, सरावानंतर तासाभरात भात आणि मासा, अंडं किंवा कुळथाची पिठी. श्रावणात मासे बंद झाले की ताटातलं प्रथिन अर्ध्यावर येतं आणि स्पर्धा तर तेव्हाच असतात. तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, डाळ, दूध जाणीवपूर्वक वाढवा. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, सत्त्व करून द्या. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत बाजारातल्या रंगीत बाटलीपेक्षा वाईट नाही.

मुलींच्या बाबतीत पाळीची नोंद आईने ठेवावी, प्रशिक्षकाने फक्त 'ठीक आहे ना' एवढंच विचारावं. सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली किंवा सतत धाप आणि फिकेपणा असेल तर डॉक्टर आणि रक्त तपासणी. अनेकदा कारण खाणं कमी आणि सराव जास्त हे असतं.

## टप्पा ७: दुखतंय, आता काय?

बोट कुठे ठेवलं ते बघा. टाचेच्या मागे, दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर टाचेची वाढीची कूर्चा, ८ ते १४ वयात नेहमीची. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवरचा उंचवटा, किंवा वाटीचं खालचं टोक, ही दुसरी नेहमीची जागा. ही दुखणी वाढीबरोबर जातात, पण भार कमी केल्याशिवाय नाही.

- वेदना १० पैकी २ पर्यंत, दुसऱ्या सकाळी वाढलेली नाही: सराव चालू, उड्या आणि लांब किक वजा.
- ३–४: फक्त पासिंग, तोल, वरच्या अंगाचा व्यायाम. तीन दिवसांनी पुन्हा बघा.
- ५ किंवा जास्त, किंवा लंगडणं: बंद. लंगडत खेळणाऱ्याला आकडा विचारायचाच नाही.

करू नका: दुखऱ्या उंचवट्यावर जोराची मालिश, ताण देऊन ओढणं, वेदनाशामक गोळी देऊन मैदानात उतरवणं. 'स्नायू धरला' हे निदान तेराव्या वर्षी सहसा चुकीचं असतं. किक मारताना खुब्यात 'कट्' आवाज आला तर हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो, एक्स-रे काढाच.

पुढच्या गोष्टींना वाट बघायची नाही:

१० ते १५ वयाचा पोरगा लंगडतो आणि गुडघा, मांडी किंवा जांघ दुखते म्हणतो, पाऊल बाहेर वळलेलं दिसतं. गुडघ्यात काही सापडलं नाही तरी खुब्याचा एक्स-रे त्याच दिवशी. खुब्याचा गोळा वाढीच्या रेषेवरून घसरत असेल तर दुखणं गुडघ्यात जाणवतं. तोपर्यंत पायावर वजन नाही, आणि कुणाकडून ओढूनताणून 'बसवून' घेणं अजिबात नाही.

पावसात चिखलात खेळलेला पोरगा, ताप, पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल. हा सरावाचा थकवा नव्हे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात उतरणारा आजार) शंका घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा आणि चिखलात खेळल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. चिखलात बूट आणि पायावरच्या जखमा झाकणं याचसाठी.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला सांधा, मागे वाकल्यावर वाढणारी आणि तीन आठवडे टिकलेली कंबरदुखी, धावताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं. खेळ बंद, डॉक्टर.

## टप्पा ८: बाद फेरीचे दिवस

तालुका, जिल्हा, विभाग. पाऊस थांबेल त्या दिवशी सामने, म्हणून एका दिवसात दोन, कधी तीन. पहाटे चारला टेम्पोतून निघायचं आणि दहाला खेळायचं. आधीच्या आठवड्याचा भार निम्म्यावर आणा. बदली खेळाडू पहिल्या सामन्यापासूनच वापरा, तिसऱ्या गोलनंतर नव्हे. चढाच्या पोराला एका दिवसात दोन पूर्ण सामने नकोत, तो कितीही चांगला असला तरी. पालक चिडतील. वही दाखवा. दोन सामन्यांच्या मधे वडापाव नको, दहीभात किंवा केळं-चिक्की. परतल्यावर दोन दिवस काही नाही.

सगळ्यात चांगल्या पोराचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तो शाळेलाही हवा, क्लबलाही हवा आणि वाडीलाही. तिघांनी एकमेकांना एक फोन करावा. वही त्याच्या आईकडे असली तर आणखी चांगलं.

## टप्पा ९: सुट्टीनंतर परत

दहा दिवसांहून मोठी सुट्टी, मग ती मेची असो, गणपतीची असो किंवा तापाची, तर पहिला आठवडा सुट्टीआधीच्या सरासरीच्या निम्मा, दुसरा पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. तापानंतर मात्र ताप उतरून, भूक परत येऊन, जिना चढताना धाप लागत नाही इथून दिवस मोजायला सुरुवात करा. निम्मा म्हणजे मिनिटं निम्मी. तेवढ्याच मिनिटांत दुप्पट जोर नव्हे, ही चूक दरवर्षी होते.

मेच्या शेवटी घरीच दहा मिनिटांच्या उड्या-तोलाच्या व्यायामाला लावलंत तर जुलैत निम्मं काम झालेलं असतं. पडवीत होतं, पाऊस आडवा येत नाही.

परतीच्या पहिल्या दिवशी चेंडू काढायच्या आधी टेप काढा. सुट्टीतही पोरं वाढतात, आणि जाताना 'संथ' लिहिलेलं नाव परत येताना 'चढ' झालेलं असतं.